रोम ते मिलान, गाडी न चालवता: इटलीतल्या रेल्वेप्रवासाची आखणी

इटलीतली पाच शहरं बघायची तर गाडी भाड्याने घ्यावी की रेल्वेने फिरावं, हा प्रश्न एप्रिल २०२४ मध्ये पुढे आला आणि नकाशा नीट बघितल्यावर सुटला. परवान्याची अडचण नव्हती. आरटीओतून हजार रुपयांत आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो आणि तो वर्षभर चालतो. अडचण शहरांची आहे. बहुतेक जुन्या इटालियन शहरांच्या मध्यभागात बाहेरच्या गाड्यांना मर्यादित प्रवेश असतो. पाटीवर ‘झोना त्राफिको लिमितातो’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारी कॅमेरा असतो. चुकून आत शिरलं की नंबरप्लेट टिपली जाते. भाड्याची कंपनी आपलं नाव-पत्ता पालिकेला कळवते, त्या कामाचे पैसे कार्डातून वेगळे कापते आणि मूळ दंड काही महिन्यांनी घरच्या पत्त्यावर येतो. व्हेनिसच्या बेटांवर तर गाडी जातच नाही. पियात्साले रोमा किंवा त्रोंकेत्तोच्या वाहनतळावर रोजचं भाडं भरून ती ठेवावी लागते. रोम, नेपल्स, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान या पाचही ठिकाणी गाडी नुसती उभी राहिली असती आणि तिचे पैसे मात्र रोज गेले असते. तोस्कानाच्या (टस्कनीच्या) खेड्यांत, द्राक्षमळ्यांजवळ मुक्काम असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गाडी हवीच, रेल्वेचा हट्ट धरू नये.

मेमध्ये पहिलं काम केलं ते इटलीतल्या रेल्वेगाड्यांचे प्रकार समजून घेण्याचं. सगळा गोंधळ आणि सगळी बचत इथेच आहे.

एक प्रकार वेगवान गाड्यांचा. सरकारी कंपनी त्रेनइतालियाची ‘फ्रेच्चारोसा’ आणि २०१२ पासून धावणारी खासगी ‘इतालो’. दोन्ही त्याच रुळांवरून, जवळपास त्याच वेळात, ताशी ३०० किलोमीटरपर्यंत वेगाने जातात. यांचं तिकीट ठरावीक गाडीचं, ठरावीक डब्याचं, ठरावीक आसनाचं असतं आणि दर विमानासारखा चढतो. त्याच आसनाला दोन महिने आधी वीस युरो पडतात आणि आदल्या दिवशी पन्नासच्या वर. दुसरा प्रकार ‘रेजोनाले’, म्हणजे आपल्या पॅसेंजरसारख्या प्रादेशिक गाड्या. आसनाचं आरक्षण नाही, दर अंतरावर ठरलेला. महिनाभर आधी घ्या किंवा गाडीच्या दहा मिनिटं आधी घ्या, पैसे तेवढेच. मधे ‘इंटरसिटी’ आहे, आरक्षणाची पण हळू. आमच्या मार्गावर तिची गरज पडली नाही.

यातून नियम निघतो तो असा: वेगवान गाड्यांची तिकिटं लवकर घ्यायची, प्रादेशिक गाड्यांच्या तिकिटांना त्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. अनेकजण उलटं करतात. पिसाचं तिकीट भारतातून घेऊन ठेवतात आणि रोम-फ्लॉरेन्सचं ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणतात.

रेल्वे पासचाही हिशेब मांडून पाहिला. पास काढला तरी वेगवान गाडीच्या प्रत्येक फेरीला आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात आणि तो इतालोवर चालत नाही. चार मोठ्या टप्प्यांच्या प्रवासाला सुटी तिकिटंच स्वस्त पडतात.

मग शहरांचा क्रम. पहिला निर्णय विमानाचा होता: उतरायचं रोमला, परतायचं मिलानहून. संकेतस्थळावर ‘मल्टी-सिटी’ निवडलं की असं तिकीट मिळतं आणि साध्या परतीच्या तिकिटाच्या आसपासच पडतं. रोमलाच परत यायचं ठरवलं असतं तर मिलान-रोमचे तीन तास आणि त्या तिकिटाचे पैसे वाया गेले असते. मुंबईहून आखाती मार्गे, ८ ऑक्टोबरला निघून २१ ऑक्टोबरला परत, असं तिकीट जूनच्या पहिल्या आठवड्यात काढलं.

कोणत्या शहरात किती रात्री हे आवडीवर ठरतं, पण कोणत्या वारी कुठे असायचं हे संग्रहालयांच्या सुट्ट्या ठरवतात. फ्लॉरेन्सची उफ्फिझी आणि मायकेलॅन्जेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. मिलानमधलं लिओनार्दोचं ‘लास्ट सपर’ सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). बुधवारी सकाळी सेंट पीटर्सच्या चौकात पोपची सार्वजनिक भेट असते, त्यामुळे तिथे गर्दी आणि अडथळे. नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, म्हणजे रांग दुपटीची. हे सगळं एका कागदावर मांडलं आणि तक्ता असा झाला: रोम ८ ते १२ ऑक्टोबर, बुधवारी कलोसियम, गुरुवारी व्हॅटिकन. शनिवारी १२ ला नेपल्स, रविवारी पॉम्पेई. सोमवारी १४ ला फ्लॉरेन्सकडे प्रवास, कारण त्या दिवशी तिथलं मोठं काही उघडं नसतंच. गुरुवारी १७ ला व्हेनिस. शनिवारी १९ ला मिलान, रविवारी ‘लास्ट सपर’, सोमवारी विमान. बंद दिवस प्रवासात घालवणं ही या आखणीतली सगळ्यात उपयोगी गोष्ट ठरली.

फ्लॉरेन्स ते व्हेनिस थेट गाडी असते, बदलायची गरज नाही. नेपल्स ते फ्लॉरेन्सही थेट मिळते, रोमवरून जाते आणि पावणेतीन-तीन तास घेते. जिथे थेट गाडी आहे तिथे दहा युरो वाचवण्यासाठी बदलाची गाडी घेऊ नये. विशेषतः बोलोन्याला बदल असेल तर सावध राहावं. तिथले वेगवान गाड्यांचे १६ ते १९ क्रमांकाचे फलाट जमिनीखाली खोल आहेत. वरच्या फलाटावरून तिथे पोचायला सामानासकट दहा मिनिटं सहज जातात.

स्थानकांची नावं पाठच करावीत. संकेतस्थळावर ‘फ्लॉरेन्स’ किंवा ‘व्हेनिस’ टाकून काही निघालं नाही तर इटालियन नाव टाकायचं: फिरेन्झे, व्हेनेत्झिया, नापोली, मिलानो. आणि प्रत्येक शहरात एकाहून जास्त स्थानकं आहेत. ‘सगळी स्थानकं’ असा पर्याय निवडला की यादीत भलत्याच स्थानकाची गाडी स्वस्त दिसते. नापोली आफ्रागोला हे वेगवान गाड्यांचं देखणं स्थानक शहराच्या बाहेर आहे. गावात उतरायचं तर नापोली चेंत्रालेच हवं. फ्लॉरेन्सचं मुख्य स्थानक फिरेन्झे सांता मारिया नोव्हेल्ला. काही गाड्या तिथे न येता फक्त काम्पो दी मार्तेला थांबतात. व्हेनिसमध्ये मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचं स्थानक आहे. बेटावर जायचं तर त्याच्या पुढचं, शेवटचं, सांता लुचिया. मधला पूल ओलांडायला दहा मिनिटं लागतात. रोमला तेर्मिनी आणि तिबुर्तिना, मिलानला चेंत्राले आणि रोगोरेदो अशा जोड्या आहेत. तिकिटावर पैसे भरण्याआधी हे एक नाव तीनदा वाचावं.

राहण्याच्या जागा जूनमध्येच ठरवल्या, सगळ्या विनाशुल्क रद्द करता येतील अशा. व्हिसासाठी हे आवश्यकच होतं. जागा निवडताना एकच कसोटी लावली: स्थानकापासून चाकांची बॅग ओढत पंधरा मिनिटांच्या आत. चार वेळा शहर बदलायचं म्हणजे आठ वेळा बॅगा न्यायच्या. गावाच्या दुसऱ्या टोकाची स्वस्त खोली टॅक्सीच्या दोन फेऱ्यांत महाग होते. आणखी एक खर्च आगाऊ दिसत नाही तो शहर कर. तो जागेवर वेगळा भरावा लागतो. रोममध्ये जागेच्या दर्जानुसार माणशी दर रात्री साडेतीन ते दहा युरो. छोट्या जागांचे मालक तो अनेकदा रोखीतच मागतात. रोममधल्या चार रात्रींचा दोघांचा कर जवळ सुट्टा ठेवला होता.

व्हिसाचा अर्ज सहलीच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. आमची मुंबईतल्या व्हिसा अर्ज केंद्रातली वेळ २२ जुलैची होती. शुल्क ११ जून २०२४ पासून ८० वरून ९० युरो झालं होतं. ते रुपयांत भरायचं आणि केंद्राचा सेवाआकार त्यावर वेगळा. कागद असे दिले: भरलेला अर्ज, ३५ × ४५ मिलिमीटरचे फोटो, परतीनंतर किमान तीन महिने वैध राहील आणि दोन कोरी पानं असतील असा पासपोर्ट, विमानाचं तिकीट, सर्व रात्रींची हॉटेल आरक्षणं, किमान ३० हजार युरो संरक्षणाचा प्रवासविमा, बँकेचा शिक्का असलेली खातेविवरणं, आयकर विवरणपत्रं, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, स्वतःचं विनंतीपत्र आणि दिवसवार तक्ता.

रेल्वेची तिकिटं अर्जात नव्हती. तक्त्यात प्रत्येक प्रवासाच्या दिवशी ‘रोम तेर्मिनी ते नापोली चेंत्राले, रेल्वेने, अंदाजे १ तास १० मिनिटं’ असं लिहिलं होतं. ही जागा बहुतेकांना अडवते. सगळ्यात स्वस्त तिकिटं ना बदलता येतात, ना पैसे परत मिळतात. व्हिसा हातात नसताना ती घेणं म्हणजे पैसे पणाला लावणं. व्हिसानंतर घ्यावीत तर दर चढतात. मधला रस्ता म्हणजे व्हिसाची वेळ लवकर घ्यायची. पासपोर्ट सहलीच्या दोन महिने आधी परत आला तर स्वस्त आसनं अजून शिल्लक असतात. ज्यांना केंद्रात उशिराची वेळ मिळेल त्यांनी अडचणीच्या टप्प्याचं, म्हणजे शुक्रवार किंवा रविवार संध्याकाळचं तिकीट, बदलता येणाऱ्या वर्गाचं आधीच घ्यावं. बाकीची थांबू शकतात. हॉटेलांचा क्रम, विमानाच्या तारखा आणि तक्ता यांत एका रात्रीचाही फरक नको. तपासणारा माणूस तेच आधी जुळवून बघतो. आम्ही एका रात्रीचं आरक्षण चुकून एक दिवस पुढचं केलं होतं, ते आदल्या रात्री तक्ता मांडताना सापडलं.

केंद्रातलं काम बोटांचे ठसे धरून दीड तासात संपलं. मग वाट बघणं. रोज मागोवा उघडून बघण्यात अर्थ नसतो, तिथे अनेक दिवस एकच ओळ दिसते. पासपोर्ट ९ ऑगस्टला, अठराव्या दिवशी घरी आला. उन्हाळ्याच्या गर्दीत याहून जास्त दिवस लागू शकतात, नियमानुसार ४५ दिवसांपर्यंत.

१० ऑगस्टला तिकिटं काढायला बसलो. त्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी ऑनलाइन वापर चालू केला. भारतीय कार्डांवर तो मुळात बंद असतो. तरीही पहिल्याच व्यवहारात खात्यातून पैसे गेले आणि तिकीट आलं नाही. ती रक्कम सहा दिवसांनी आपोआप परत आली. लगेच दुसऱ्यांदा प्रयत्न करण्यापूर्वी अर्धा तास थांबून ईमेल तपासावा, नाहीतर दोन तिकिटं होतात. दुसरं कार्ड पहिल्या झटक्यात चाललं. दोन वेगळ्या बँकांची, शक्यतो दोन वेगळ्या जाळ्यांची (एक व्हिसा, एक मास्टरकार्ड अशी) कार्डं तयार ठेवावीत.

त्रेनइतालियाच्या तिकिटांचे तेव्हा मुख्य तीन वर्ग होते. ‘बेस’ महाग पण गाडी सुटण्यापूर्वी कितीही वेळा बदलता येणारं, ‘इकॉनॉमी’ मधलं, ‘सुपर इकॉनॉमी’ सर्वांत स्वस्त आणि अपरिवर्तनीय. इतालोचीही रचना अशीच. प्रत्येक टप्प्यासाठी दोन्ही कंपन्यांचे दर शेजारी शेजारी उघडले आणि एक तास पुढे-मागे सरकून बघितले. सकाळी आठच्या आणि दुपारी अकराच्या गाडीत दहा-बारा युरोंचा फरक निघतो. माणशी दर असे पडले: रोम-नेपल्स १९.९०, नेपल्स-फ्लॉरेन्स ३४.९०, फ्लॉरेन्स-व्हेनिस २९.९०, व्हेनिस-मिलान २४.९० युरो. एकूण १०९.६० युरो. दोघांचे २१९.२०, म्हणजे कार्डाचा आकार धरून साडेवीस हजार रुपयांच्या आसपास. कार्डाचा परकीय चलन आकार साधारण दोन ते साडेतीन टक्के असतो आणि त्यावर जीएसटी. आसनांचा साधा ‘स्टँडर्ड’ किंवा इतालोत ‘स्मार्ट’ वर्ग पुरेसा आहे, दोन तासांसाठी वरच्या वर्गाची गरज नाही.

नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच टाकावं. मराठी नावांत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं. पासपोर्टवर ते पहिल्या नावाला जोडलेलं असेल तर तसंच लिहावं. तिकिटाची पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवावी, केवळ ईमेलवर विसंबू नये. फ्लॉरेन्स ते बोलोन्या हा ७८ किलोमीटरचा वेगवान मार्ग जवळजवळ सगळा बोगद्यांतून जातो, सुमारे ७३ किलोमीटर. तिथे तिकीट तपासनीस आला आणि नेट नसलं तर अवघड होतं.

व्हॅटिकनची तिकिटं ६० दिवस आधी खुली होतात, म्हणजे १० ऑक्टोबरसाठी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. कलोसियमची ३० दिवस आधी, त्यावर नावं छापली जातात आणि दारावर पासपोर्ट बघतात. ‘लास्ट सपर’ची तिकिटं काही महिन्यांसाठी एकदम खुली होतात आणि फार लवकर संपतात. एका गटाला आत पंधरा मिनिटं मिळतात. हे तिकीट न मिळाल्यास मिलानमधला दिवस मोकळा राहतो, म्हणून मिलानची आखणी सगळ्यात शेवटी पक्की केली.

सप्टेंबरअखेरीस संपांची यादी तपासली. इटालियनमध्ये संपाला ‘शोपेरो’ म्हणतात आणि वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संप आधीच जाहीर झालेले असतात. संप म्हणजे सगळं ठप्प नव्हे. लांब पल्ल्याच्या काही गाड्या हमीच्या म्हणून ठरलेल्या असतात. कामाच्या दिवशी प्रादेशिक गाड्याही सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत चालवल्या जातात. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री त्याच शहरात मुक्काम ठेवण्याचं कारण हेच.

सामानाचा निर्णयही रेल्वेनेच केला. दोघांच्या मिळून दोन मध्यम बॅगा आणि पाठीवर दोन पिशव्या, कोणतीही बॅग १५ किलोच्या वर नाही. डब्याच्या दोन-तीन पायऱ्या आपल्यालाच चढवायच्या असतात, हमाल नसतो. खाण्याच्या सामानात एक खबरदारी: युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यामुळे पेढे, बर्फी, तूप, पनीर घरीच ठेवलं. चटणी, मेतकूट, चिवडा आणि कोरडी भाकरी गेली. कडक शाकाहारी असाल तर एक माहिती हवी: पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध साकळवणाऱ्या द्रव्याने, बनतं. पास्त्यावर किसण्याआधी सांगावं लागतं. टोमॅटो-मोझरेल्ला, मार्गेरिता पिझ्झा, फोकाच्चा हे स्थानकावरही मिळतं, पण मोझरेल्लाचंही रेनेट विचारून घ्यावं.

८ ऑक्टोबरला दुपारी रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरलो. शहरात जायला लिओनार्दो एक्सप्रेस, १४ युरो, मधे न थांबता ३२ मिनिटांत तेर्मिनी. ८ युरोंची एफएल-१ नावाची प्रादेशिक गाडीही आहे. पण ती तेर्मिनीला जात नाही, त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिनाला जाते. मुक्काम त्या भागात असेल तर सहा युरो वाचतात. रोमच्या मेट्रोत १.५० युरोचं तिकीट १०० मिनिटं चालतं आणि फाटकावर बँकेचं कार्ड नुसतं टेकवलं तरी भागतं. मात्र दोघांसाठी दोन वेगळी कार्डं लागतात. पाण्याची बाटली रिकामी झाली की रस्त्यातल्या ‘नासोनी’ नळांवर भरावी. ते पाणी पिण्याचं, थंड आणि फुकट आहे.

पहिली मोठी गाडी १२ तारखेची. तेर्मिनी, नापोली चेंत्राले, सांता मारिया नोव्हेल्ला, सांता लुचिया, मिलानो चेंत्राले ही सगळी आपल्या सीएसएमटीसारखी स्थानकं आहेत. रूळ तिथे संपतात आणि सगळे फलाट एका सभागृहाला जोडलेले असतात. गाडी अशा स्थानकातून उलट्या दिशेने बाहेर पडते, म्हणून तोंड पुढे असलेलं आसन अर्ध्या वाटेत मागे तोंड करतं. नेपल्सहून फ्लॉरेन्सला जाताना रोममध्ये हे होतं.

फलाट शोधण्याची पद्धत भारतीयांना नवी वाटते. फलाटाला ‘बिनारिओ’ म्हणतात आणि तो तिकिटावर लिहिलेला नसतो. सुटण्याच्या दहा-वीस मिनिटं आधी ‘पार्तेन्झे’ या निर्गमन फलकावर उमटतो. त्या फलकावर आपल्या शहराचं नाव शोधू नये. तिथे गाडीचं शेवटचं स्थानक असतं. रोमहून फ्लॉरेन्सला जाणारी गाडी ‘मिलानो’, ‘तोरिनो’ किंवा ‘व्हेनेत्झिया’ या नावाने लागलेली असते. शोधायचा तो गाडीचा चार आकडी क्रमांक आणि वेळ. ‘आरीवी’ हा आगमनाचा फलक शेजारीच असतो, घाईत तोच वाचला जातो. ‘रितार्दो’ म्हणजे उशीर, पुढचा आकडा मिनिटांचा. ‘सोप्रेस्सो’ किंवा ‘कान्चेल्लातो’ म्हणजे गाडी रद्द. मोठ्या स्थानकांत फलाटाच्या आधी तिकिटाचं फाटक असतं, तिथे क्यूआर दाखवावा लागतो. सुटण्याच्या दोन मिनिटं आधी दारं बंद होऊ शकतात. अर्धा तास आधी पोचलं की सगळं निवांत होतं. ‘कारोत्सा’ म्हणजे डबा, ‘पोस्तो’ म्हणजे आसन. आपल्याच डब्यातून चढावं. दोन गाड्या जोडून धावत असतील तर आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही.

तिकिटाच्या यंत्रांपाशी ‘मी मदत करतो’ म्हणत कोणी पुढे आलं तर नम्रपणे नाही म्हणावं. कर्मचारी तसे येत नाहीत. काही यंत्रं फक्त कार्ड घेतात, तसं वर लिहिलेलं असतं.

पॉम्पेईला जाण्यासाठी नापोली चेंत्रालेच्या खालच्या मजल्यावरच्या गारिबाल्दी स्थानकातून चिरकुमव्हेसुव्हियाना या लोकल गाड्या सुटतात. सोरेन्तोच्या दिशेची गाडी पकडून ‘पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी’ला उतरायचं, पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. नुसतं ‘पॉम्पेई’ असलेली इतर स्थानकंही आहेत, ती अवशेषांच्या दारात नाहीत. गाडी जुनी आणि खच्चून भरलेली. विरारच्या लोकलमध्ये जशी पिशवी पुढे घेतो तशीच घ्यावी. सकाळी साडेआठच्या सुमाराची गाडी घेतली तर बसायला मिळतं. आम्ही जाऊन आल्यानंतर, १५ नोव्हेंबर २०२४ पासून, तिथे दिवसाला २० हजार माणसांची मर्यादा आणि नावाची तिकिटं आली. आता तिकीट आधी काढूनच जावं.

१६ तारखेला फ्लॉरेन्सहून पिसा आणि लुक्काची फेरी केली, तिन्ही गाड्या प्रादेशिक. फ्लॉरेन्स-पिसा सुमारे एक तास, पिसा-लुक्का अर्धा तास, तिथून परत फ्लॉरेन्स. माणशी बावीस युरोंच्या घरात. प्रादेशिक गाडीचा सगळ्यात महाग धडा तिकिटाच्या वैधतेचा आहे. कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. फोनवरचं तिकीट असेल तर शिक्क्याऐवजी चढण्यापूर्वी तिकिटातल्या दुव्यावर जाऊन ‘चेक-इन’ करायचं असतं. वेगवान गाड्यांच्या तिकिटाला यातलं काही लागत नाही. त्यांचीच सवय झालेली असते, आणि म्हणूनच पहिल्या प्रादेशिक गाडीत माणूस फसतो. शिक्का उमटवणारं यंत्र बंद असेल तर तिकिटावर तारीख, वेळ आणि स्थानक पेनाने लिहून तपासनिसाला आपणहून जाऊन सांगावं. दिवसभराचा हा प्रवास आधी ठरवलेल्या वेळांना बांधलेला नसल्याने लुक्काच्या तटबंदीवर दोन तास जास्त काढता आले. प्रादेशिक तिकीट आधी न काढण्याचा हाच फायदा.

१७ ला व्हेनिसची गाडी तीस मिनिटं उशिरा होती. युरोपीय नियमानुसार तासापेक्षा जास्त उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के आणि दोन तासांपेक्षा जास्त झाला तर ५० टक्के परत मागता येतात. म्हणून तिकीट जपून ठेवावं. सांता लुचियाच्या दारातच ग्रँड कॅनाल दिसतो. पण बॅगेला चाकं असली तरी पुलांना पायऱ्या असतात. म्हणून मुक्काम स्थानकाच्याच काठावर, एकही पूल ओलांडावा लागणार नाही असा घेतला होता. पाण्यातल्या बसचं, व्हापोरेत्तोचं, एक तिकीट ९.५० युरो आणि ७५ मिनिटांचं. २४ तासांचा पास २५, ४८ तासांचा ३५ युरो. दिवसात तीन फेऱ्या होणार असतील तरच पास घ्यावा. १ क्रमांकाची नाव सगळीकडे थांबत जाते, बघत जायला तीच चांगली. २०२४ मध्ये एक दिवसासाठी येणाऱ्यांना ५ युरो प्रवेशशुल्क सुरू झालं. ते एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक २९ दिवसांनाच होतं, ऑक्टोबरला नाही. रात्रीचा मुक्काम असेल तर शुल्क माफ, पण त्या दिवसांत तशी नोंदणी करून क्यूआर जवळ ठेवावा लागतो.

१९ ला मिलान, सुमारे अडीच तास. मिलानो चेंत्रालेचे फलाट रस्त्याच्या बरेच वर आहेत, सरकत्या पट्ट्यांनी उतरायला पाच-सात मिनिटं धरावीत. मेट्रोचं तिकीट २.२० युरो, इथेही कार्ड टेकवून चालतं. खोली दहाला सोडायची आणि विमान रात्रीचं असेल तर स्थानकातल्या ‘देपोझितो बगाल्यी’मध्ये बॅगा ठेवता येतात. पैसे नगावर आणि तासांवर लागतात आणि पासपोर्ट दाखवावा लागतो.

मालपेन्सा विमानतळाला चेंत्राले आणि कादोर्ना अशा दोन ठिकाणांहून मालपेन्सा एक्सप्रेस सुटते, तेव्हा १३ युरो. चेंत्रालेहून पन्नास मिनिटांच्या थोडं वर, कादोर्नाहून चाळीसच्या आत. गाडी आधी टर्मिनल १ ला थांबते, मग टर्मिनल २ ला. आखाती विमानं टर्मिनल १ वरून जातात. तिथेच उतरायचं, शेवटच्या स्थानकापर्यंत बसून राहायचं नाही.